चांदोबा बरोबर का येतो?

संध्याकाळची एस्‌टी घाट उतरत असावी, खिडकीशी चार-पाच वर्षांचे पोर बसलेले असावे आणि बाहेर नुकताच चंद्र उगवलेला असावा. असा योग जुळून आला की एक प्रश्न ठरलेलाच: "आई, चांदोबा आपल्याबरोबर का येतो गं?" झाडे मागे पळतात, विजेचे खांब मागे पळतात, डोंगरसुद्धा हळूहळू का होईना मागे पडतो, हा गडी मात्र गाडीची साथ सोडीत नाही. गाडी थांबली की थांबतो, निघाली की निघतो. मोठ्या माणसांनाही नीट पाहिले तर तसेच दिसते. फक्त आपण नीट पाहण्याचे सोडून दिलेले असते, इतकेच.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी असल्या प्रश्नांचा मोठ्या आस्थेने अभ्यास केला. मुलांच्या मनातले जग कसे असते, यावरचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली निघाला. या अभ्यासात मुलांना उत्तरे सांगत न बसता ते त्यांनाच विचारीत: चंद्र चालतो का? कशामुळे चालतो? आपण फिरायला निघालो की तो काय करतो? लहान मुले बिनदिक्कत सांगत, की तो आमच्या मागोमाग येतो, त्याला यावेसे वाटते म्हणून येतो. मग पेच पडे. समजा, तू इकडे निघालास आणि दुसरा कोणी बरोबर उलट्या दिशेने निघाला, तर चंद्र कोणाच्या मागे जाईल? येथे पोर थबके. त्या थबकण्यात काय घडते, त्याचाच आज थोडा विचार करावा म्हणतो.

आजच्या काळात हाच प्रश्न आईच्या हातातल्या मोबाइलला विचारला, की पापणी लवते न लवते तोच उत्तर हजर. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. गाडी दहा-वीस किलोमीटर गेली तरी तो ज्या दिशेला दिसतो ती दिशा आपल्याला कळण्याइतकी बदलत नाही. रस्त्याकडेच्या झाडाची मात्र झपाट्याने बदलते. म्हणून झाड मागे पडते आणि चंद्र बरोबर चालल्यासारखा वाटतो. उत्तर बरोबर आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पोराच्या डोक्यात एक चक्र नुकते कुठे फिरू लागले होते. हा माझाच दोस्त आहे की काय? मग शेजारच्या बंडूबरोबर कोण जातो? बोगद्यात गाडी शिरली तेव्हा हा बाहेर कुठे थांबला होता? ते चक्र बहुधा तेथेच थांबते. प्रश्न सुटला, मोबाइल पिशवीत गेला, आणि पोर चिवड्याची पुडी मागू लागले.

यावरून पुष्कळ जण एकदम टोकाला जातात. हल्लीच्या मुलांना कशाचे नवलच वाटत नाही, सगळे आयते मिळते, पूर्वीचे दिवस राहिले नाहीत, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. मला ती पुरती पटत नाही. पूर्वीच्या दिवसांत पोराने प्रश्न विचारला की काय होई, ते आठवून पाहा. "गप बैस. फार शहाणपणा नको." किंवा जरा मायाळू माणूस असेल तर, "मोठा झालास की कळेल." मोठे झाल्यावर कळेल म्हणून सांगितलेल्या गोष्टींपैकी किती मोठे झाल्यावर खरोखर कळल्या, ते ज्याने त्याने आपल्याशी मोजावे! पुस्तकांची तर वानवाच. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते जाडजूड खंड खेड्यांतल्या किती मुलांच्या हाती पडले असतील? आज तोच विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. आणि मोबाइल आता खेड्यातही नवलाचा राहिलेला नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, असे दिसले. हे यंत्र पोरावर खेकसत नाही, दहाव्यांदा विचारले तरी कंटाळत नाही. ज्या मुलीच्या घरात कोणी शिकलेले नाही, तिला ही केवढी सोय आहे! ती तिच्या हातून काढून घ्यावी, असे निदान मी तरी म्हणणार नाही. काही न कळणे म्हणजे नवल वाटणे नव्हे. अंधारात डोळे मोठे होतात, पण दिसत काहीच नाही.

तेव्हा माहिती फार झाली ही अडचण नाही. अडचण आहे ती माहिती कोणत्या वेळी येते, याची. प्रश्न उठला आणि उत्तर आले, या दोहोंच्या मध्ये थोडा वेळ जात असे. कधी घटकाभर, कधी आठवडा, कधी दहा वर्षे. त्या मधल्या वेळात पोर स्वस्थ बसत नाही, ते स्वतःच उत्तर रचू लागते. अमेरिकेतील मिशिगनच्या काही संशोधकांनी २००९ साली लहानग्यांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'का' आणि 'कसे' या प्रश्नांना खरे स्पष्टीकरण मिळाले, तर मुले मान डोलावीत किंवा पुढचे विचारीत. नुसतीच टोलवाटोलवी झाली, तर ती पुन्हा तेच विचारीत, नाहीतर स्वतःचे एखादे स्पष्टीकरण पुढे करीत. म्हणजे पोराला कारण हवेच असते. ते बाहेरून आले नाही, तर घरच्या घरी तयार होते. कल्पनाशक्ती म्हणून आपण जिचा एवढा गौरव करतो, तिचा कारखाना हाच.

याहून बोलका प्रयोग २०११ सालचा आहे. इलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीबेरंगी नळ्या जोडून एक खेळणे तयार केले. त्यात चार गमती होत्या: एक नळी ओढली की चूंऽ असा आवाज येई, एकीकडे दिवा लागे, एकीकडे सूर वाजत आणि एका नळीच्या आत आरसा दडवलेला होता. शाळेत जाण्याच्या आधीच्या वयाची मुले घेतली. काहींना बाईंनी सरळ शिकवले: हे माझे खेळणे, हे असे चालते, बघ, आणि नळी ओढून आवाज काढून दाखविला. दुसऱ्या काहींपुढे बाईंनी बतावणी केली, की आपल्यालाही हे खेळणे नवेच आहे. नळी जणू चुकून ओढली गेली आणि आवाज आला. मग खेळणे मुलांच्या हाती देऊन त्या बाजूला झाल्या.

झाले काय, तर शिकविलेल्या मुलांनी नळी ओढली, आवाज काढला, पुन्हा ओढली, पुन्हा आवाज काढला आणि लवकरच खेळणे खाली ठेवले. न शिकविलेली मुले त्याच्याशी जास्त वेळ खटपट करीत बसली आणि इतर गमतीही त्यांनाच जास्त सापडल्या. हे ऐकून कोणी म्हणेल, की शिकविले म्हणून मुले आळशी झाली. तसे नव्हे बरं का! मुलांनी केला तो तर्क अगदी शहाणपणाचा होता. ज्यांना हे खेळणे पुरते ठाऊक आहे त्या बाईंनी एकच गोष्ट दाखविली. अर्थात तेवढीच असणार. आणखी काही असते तर त्यांनी सांगितले नसते का? जाणकाराने दिलेले उत्तर दोन गोष्टी सांगते. एक, हे असे आहे. आणि दुसरी, न बोलता: यापलीकडे काही नाही.

आता हाच तर्क मोबाइलला लावून पाहा. पोराच्या दृष्टीने तो जगातला सर्वांत मोठा जाणकार. काहीही विचारा, त्याला येतेच. त्याने चार ओळींत सांगितले, म्हणजे विषय चार ओळींचाच असणार! २०२२ च्या अखेरीपासून तर आपल्याशी गप्पा मारल्यासारखी उत्तरे रचून देणारी यंत्रेही सर्वांच्या हाती आली आहेत. ती बरोबर उत्तर ज्या ठाम सुरात देतात, त्याच सुरात कधी कधी चुकीचेही देतात. बाबा निदान "अं... मला वाटतं..." असे चाचरत तरी. त्या चाचरण्यात पोराला शिरायला फट असे. यंत्राच्या बोलण्याला तशी फट सहसा नसते.

मात्र मुलांची कल्पना इतक्या सहजी हार मानत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची एक मौज उघड केली. पृथ्वीचा आकार कसा, असे विचारले की मुले म्हणत, "गोल." झाले, आपण पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे! पण या दोघांनी तेथे न थांबता पुढे खोदून विचारले. सरळ चालत राहिले तर कुठे पोचू? पृथ्वीला कड आहे का? माणसे राहतात ती कुठे? तेव्हा कळले, की एकाची पृथ्वी भाकरीसारखी चपटी आणि गोल आहे. दुसऱ्याची आहे खरी चेंडूसारखी, पण आतून पोकळ, आणि आपण त्या चेंडूच्या पोटात सपाट जमिनीवर राहतो. तिसऱ्याच्या मते तर पृथ्व्याच दोन आहेत, एक आपल्या पायांखालची आणि एक आकाशातली गोल. पुढे असाच अभ्यास हैदराबादच्या मुलांचाही झाला. तेथे पृथ्वी पाण्यावर तरंगते आहे, असे चित्र मनात बाळगणारी मुले भेटली. सांगितलेली माहिती आणि डोळ्यांना दिसणारी सपाट जमीन यांचा मेळ घालण्यासाठी पोरांनी केलेली ही केवढी थोर खटाटोप! त्यात काही चूक नव्हे, ते काम चालू असल्याचे लक्षण आहे. धोका आहे तो आपल्या बाजूने. 'गोल' हा शब्द ऐकला की मूल शिकले, असे आपण धरून चालतो. आणि उत्तरे स्वस्त झाली की असे शब्द मुलांच्या तोंडी फार लवकर येतात.

चित्रांचीही हीच कथा. आजी गोष्ट सांगताना 'राक्षस' म्हणे, तेव्हा पाच नातवंडांच्या डोक्यात पाच राक्षस उभे राहत, आणि ज्याला जो पेलेल तोच त्याला भेटे. भित्र्याचा राक्षस फार मोठा नसायचा. चित्रफितीत राक्षस एकच, आणि तोही दुसऱ्याने रंगवलेला. पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी सहकाऱ्यांसह या बाबतीत एक तपास केला, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. मुलांना एक गोष्ट कधी रेडिओवर ऐकवली, कधी दूरचित्रवाणीवर दाखवली, आणि शेवटाच्या थोडे आधी थांबवून म्हटले, आता पुढचे तुम्ही सांगा. ऐकलेल्या गोष्टीला मुलांनी स्वतःची भर अधिक घातली. हे रेडिओवरून सांगणे म्हणजे आपलीच टिमकी वाजविणे, हे मला कळते. म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकतो: गोष्टीतले बारकावे लक्षात राहण्याच्या बाबतीत चित्रच पुढे गेले.

हा मधला वेळ राखायचा कसा? त्याचे एक उदाहरण आपल्या घरचे म्हणता येईल असे आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण काशीला गेले. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे केलेले होते. शिकण्यासाठी त्यांच्याकडे येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यातल्या एका फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित किंवा कोडे लिहून ठेवीत, आणि वर ते जयंतासाठी आव्हान आहे, असे जाहीर करीत. भाच्याने ते सोडवावे, नाहीतर हार कबूल करावी. तोपर्यंत फळा पुसायचा नाही. 'चार नगरांतले माझे विश्व' या नारळीकरांच्या आत्मचरित्रामुळे हे मोरूमामा मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले आहेत. मामांना उत्तर येत नव्हते थोडेच? पण त्यांनी दिला प्रश्न, आणि उत्तरासाठी दिली एक भिंत. जाता-येता, जेवायला बसताना, ते गणित त्या मुलाकडे बघत राहिले असेल.

पुढे नारळीकर मोठे शास्त्रज्ञ झाले आणि व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या घेऊन गर्दी करू लागली. तेव्हा ते मुलांना सांगत, की वहीत सही मिळणार नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून मला पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली माझी सही असेल. २०२५ साली नारळीकर गेले. पण ही युक्ती मला त्यांच्या कितीतरी मोठ्या कामांच्या बरोबरीने लक्षात ठेवण्यासारखी वाटते. सही हवी, तर आधी प्रश्न शोधायला हवा. बरा प्रश्न सुचेपर्यंत डोके खाजवायला हवे, कारण कार्डावर जागा थोडी. आणि मग टपालपेटीत कार्ड टाकल्यावर उत्तर येईपर्यंतचे ते दिवस! त्या दिवसांत मुलाने आपल्या उत्तराचा अंदाज बांधला नसेल, असे होणेच शक्य नाही.

असे थांबणे वाया जात नाही, याला आता प्रयोगाचाही आधार मिळाला आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे २०१४ साली मॅथियास ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी तरुण माणसांना निरनिराळे प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तरापूर्वी चौदा सेकंद थांबविले. त्या थांबण्यात मध्येच एक अनोळखी चेहरा दाखविला. ज्या प्रश्नाचे उत्तर जाणण्याची उत्कंठा जास्त, त्याचे उत्तर जास्त लक्षात राहिले, हे समजण्यासारखे आहे. पण त्या उत्कंठेच्या क्षणी दाखवलेला चेहरा, ज्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, तोही अधिक चांगला आठवला! मन असे एकदा उघडले, की दारात जे येईल ते आत घेते. आणि हे चौदा सेकंदांत. पोस्टकार्डाचे तर दिवसचे दिवस होते.

याचा अर्थ प्रत्येक प्रश्न पोरावर उलटवीत बसावे, असा मात्र नाही. विंचू कुठे असतो, हे विचारणाऱ्याला "तुला काय वाटतं रे?" म्हणणारा बाप धन्यच म्हणायचा! औषधाच्या बाटलीविषयी, विजेच्या बटणाविषयी विचारले तर ताबडतोब आणि स्पष्ट सांगावे. "आजी परत का येत नाही?" असे विचारले तर तेथेही खेळ करू नये, जवळ घेऊन खरे ते सांगावे. आणि काही आईबाप हा उलटप्रश्नाचा मंत्र एकदा कळला की दिवसभर तोच जपतात. पोरे त्याला इतकी वैतागतात की विचारणेच सोडून देतात. आमच्या लोकांना प्रमाण राखता आले तर पाहिजे! पण चांदोबा बरोबर का येतो, पाल भिंतीवरून पडत का नाही, समुद्राचे पाणी खारट तर नदीचे गोड का, अशा प्रश्नांना घाई कसली? त्यांना मोबाइल संध्याकाळपर्यंत थांबू शकतो. तोवर पोराचे उत्तर ऐकून घ्यावे आणि पियाजे टाकीत तसा एखादा पेच टाकावा. मग मोबाइल काढलाच, तर यंत्राचे उत्तर आणि पोराचे उत्तर शेजारी ठेवून पाहता येते. यात आईबाप विद्वान असण्याची गरज नाही. न शिकलेली आई, "ठाऊक नाही बाई, तूच बघून सांग," म्हणते, तेव्हा ती खेळणे जणू पहिल्यांदाच हाती घेतलेल्या त्या बाईंच्या जागीच असते. आणि तिला तर बतावणीही करावी लागत नाही.

उत्तर मिळाल्याने नवल संपते, असेही समजू नये. चंद्राचीच गोष्ट घ्या. त्याची एकच बाजू आपल्याकडे असते. पाठ कशी आहे, हे १९५९ सालापर्यंत कोणा माणसाने पाहिले नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात रशियाच्या ल्यूना-३ या यानाने पाठीची पहिली छायाचित्रे धाडली. संपले का कोडे? छे! आपल्याकडच्या बाजूला जे मोठमोठे काळे डाग आहेत, ज्यांत आपल्या पूर्वजांना कधी ससा दिसला म्हणून चंद्र शशांक झाला, कधी हरिण दिसले म्हणून मृगांक झाला, तसे डाग पाठीवर फार थोडे निघाले. ते का, यावर शास्त्रज्ञ अजून खल करीत आहेत. ससा कोणत्या बाजूला आहे एवढेच कळले. तो त्याच बाजूला का, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात उतरले, ते ठिकठिकाणच्या शाळांतून मुलांनी श्वास रोखून पाहिले. उतरणार हे सर्वांना ठाऊक होते, घटका नि पळे मोजलेली होती. तरी तो श्वास रोखला गेलाच. कारण उतरेल की नाही, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मोबाइललाही ज्याचे एकच एक उत्तर देता येऊ नये, असा प्रश्न हवा असेल, तर तो येत्या पौर्णिमेला फुकट मिळेल. क्षितिजावर उगवणारा चंद्र परातीएवढा दिसतो आणि डोक्यावर आला की वाटीएवढा होतो. का? मुलांना आधी अंदाज करू द्यावा. बहुतेक म्हणतील, उगवताना तो जवळ असतो. मग हात लांब करून चिमटीत एक वाटाणा धरायला सांगावे आणि एक डोळा मिटून त्याने चंद्र झाकायला लावावे. उगवताना झाकला जातो, तसाच तो मध्यरात्रीही त्याच वाटाण्याने झाकला जातो. म्हणजे चंद्र लहान झालेलाच नाही! उलट, हिशेब केला तर उगवताना तो आपल्यापासून किंचित दूरच असतो. मग मोठे दिसते ते काय, आणि कोणाला? यावर जाणत्यांनी अनेक उपपत्ती मांडल्या आहेत आणि त्यांचे अद्याप एकमत नाही. आणखी एक करून पाहावे. उगवत्या चंद्राकडे पाठ करून वाकावे आणि आपल्याच दोन पायांमधून त्याच्याकडे उलटे पाहावे. पुष्कळांना तो तसा पाहताना लहान वाटतो. हा प्रयोग गच्चीवर केलेला बरा, आणि आईबाबांनीही करावा. पोरांना आपल्याला काय दिसले ते ताडून पाहायला कोणीतरी हवे असते.